पदवीचें मोल आणि पोटाचा हिशेब



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कितपत आहे, याची मला स्वतःलाच शंका आहे. मी पदवीधर नाहीं. जुन्या अकरावीची, म्हणजे आमच्या बोलण्यांतल्या मॅट्रिकची, परीक्षा उतरलों, अध्यापनाची पदविका घेतली, आणि ३५ वर्षें सातारा जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत मुलांना पाढे व बाराखड्या शिकवून निवृत्त झालों. परंतु माझ्या हाताखालून गेलेलीं कित्येक मुलें पुढें बी. ए., बी. कॉम. झालीं, आणि पदवीचा कागद घडी करून खिशांत घालून "गुरुजी, आतां पुढें काय?" असें विचारीत माझ्या ओसरीवर येऊन बसलीं. त्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. म्हणून हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत केव्हांपासून विचारला जात आहे, हें धुंडाळण्याचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. त्या धुंडाळण्यांत जें हातीं आलें, तेंच आज आपल्यापुढें ठेवणार आहे.

पदवीधराच्या नोकरीची गोष्ट निघाली कीं आपण पहिल्यानें पगाराचा आंकडा विचारतों. माझ्या समजुतीप्रमाणें या हिशेबाला तीन रकाने आहेत. कचेरी काय देते, हा पहिला. शहर काय घेतें, म्हणजे खोलीचें भाडें, खाणावळ, धोबी, कपडालत्ता, हा दुसरा. आणि घर काय मागतें, हा तिसरा. पहिले दोन रकाने काळाप्रमाणें खालींवर होत असतात. तिसरा मात्र मागच्या पिढीच्या पगारावरून ठरून गेलेला असतो, आणि सगळी ओढाताण तेथेंच होते. इतिहासाच्या ग्रंथांत हा तिसरा रकाना सहसा सांपडत नाहीं. तो चरित्रांतून आणि आत्मचरित्रांतून वेंचून काढावा लागतो.

इंग्रजी शिक्षणाची आणि चाकरीची गांठ आपल्याकडे विद्यापीठ निघण्यापूर्वींच बसली होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंज यांनीं १८४४ सालीं ठराव केला कीं, सरकारी जागा भरतांना इंग्रजी शिकलेल्यांस अग्रहक्क द्यावा. त्या एका कागदानें शाळेची वाट थेट कचेरीच्या दारापर्यंत नेऊन सोडली. पुढें चारच वर्षांनीं, म्हणजे १८४८ पासून, लोकहितवादी 'प्रभाकर' पत्रांतून आपलीं शतपत्रें लिहूं लागले, आणि चाकरी व भिक्षुकी यांवांचून तिसरा मार्ग न पाहणाऱ्या आपल्याच जातभाईंवर त्यांनीं सडकून कोरडे ओढले. विद्यापीठाचा अजून पत्ता नव्हता तेव्हांची ही गोष्ट! हल्लींचीं मुलें नोकरीच्या मागें लागतात, ही तक्रार हल्लींची नव्हे, इतकें यावरून ध्यानांत यावें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ सालीं झाली. शंभरावर विद्यार्थी बसले आणि उतरले ते वीस-बावीसच. बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ सालची. तींत चारजण उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या सबंध मुंबई इलाख्याला मिळून चार पदवीधर! या चौघांना अर्ज घेऊन कोणाच्या दारीं उभें राहण्याचा प्रसंग कशाला येईल? भांडारकर सिंधमधील हैदराबादेस व मग रत्नागिरीस हायस्कुलाचे हेडमास्तर झाले, मोडक शिक्षणखात्यांत चढत गेले, वागळे वकिलीकडे वळले. रानडे १८७१ सालीं पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज होऊन आले तेव्हां त्यांचा पगार दरमहा ८०० रुपये होता, आणि वय अवघें २९.

हे ८०० रुपये पुढें किती घरांना महाग पडले, याचा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं. यांत रानड्यांचा कांहीं दोष नाहीं, हें सांगावयास नकोच. परंतु गांवोगांव लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें कीं, एक मुलगा चार इंग्रजी बुकें शिकला आणि सगळ्या कुटुंबाचें दैव पालटलें. मग कोंकणांत काय, देशावर काय, पांढरपेशा घराघरांतून एक मुलगा निवडला जाऊं लागला. त्याच्यासाठीं जमिनीचा तुकडा गहाण पडे, आईच्या अंगावरचें किडूकमिडूक मोडलें जाई, धाकट्या भावांची शाळा सुटे. बहिणींच्या शाळेचा तर प्रश्नच नव्हता. या कर्जाचा रोखा कोणी लिहून घेत नसे. पण त्याची फेड मात्र पदवीच्या दिवसापासून सुरू होत असे.

नशीबवानांची एक वाट सरकारनेंही राखून ठेवलेली होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून इंजिनियरिंगच्या परीक्षेंत जो पहिला येई त्याला मुंबई सरकार असिस्टंट इंजिनियरची जागा हमखास देई. म्हैसूर संस्थानांतून आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ सालीं असे पहिले आले आणि १८८४ सालीं त्या जागेवर रुजूही झाले. त्यांची पुढची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र, मास्तरकीच्या संवयीनें म्हणा, वर्गांत दुसरा आणि तिसरा आला त्यांची चौकशी करावीशी वाटते.

पहिल्याची जागा राखून ठेवलेली नसलेल्या अशा विद्यार्थ्याचे दिवस कसे जात, हें पहावयाचें असेल तर धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' उघडावें. कर्वे पुढें महर्षि झाले, १९५८ सालीं भारतरत्न झाले. त्यामुळें त्यांच्या आरंभींच्या हालांकडे आपण भक्तिभावानें पाहतों आणि त्यांतला हिशेब विसरतों. १८७५ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांना मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची होती. त्या दाखल्यावर मराठी शाळेंत मास्तरकी किंवा कचेरींत कारकुनी मिळे. दापोलीजवळच्या मुरूडहून मुंबईस जावें तर भर पावसाळ्याच्या अखेरीस समुद्र खवळलेला, म्हणून साताऱ्यास जाण्याचें ठरलें. पाठीवर बोचकें घेऊन हीं मुलें कुंभार्ली घाट चढून, पाटणवरून, शंभरावर मैल चालत साताऱ्यास पोंचलीं. आतां तो घाट आमची एस. टी. तासाभरांत चढते आणि तरी आम्ही खिडकी लागत नाहीं म्हणून कुरकुरतों. साताऱ्यास परीक्षक मंडळीच्या प्रमुखानें या सडपातळ मुलाकडे पाहिलें आणि तूं सतरा वर्षांचा दिसत नाहींस, असें म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. वयाचा दाखला दाखवूनही उपयोग झाला नाहीं. पुढल्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उतरले.

हें झालें मराठी सहावीचें. मॅट्रिक होण्यास त्यांना १८८१ साल उजाडलें, आणि १८८४ सालीं बी. ए. झाले तेव्हां त्यांचें वय २६ होतें. त्या वयास रानडे कोठें होते, आणि कर्वे कोठें होते, हें ताडून पहावें. बुद्धीचा फरक नव्हे, वीस-बावीस वर्षांत पदवीधर वाढले होते. कर्वे मुंबईस राहिले, निरनिराळ्या शाळांतून तासांवर गणित शिकवीत आणि पहांटे उठून खासगी शिकवण्या करीत. एका बिऱ्हाडांत मित्राचें कुटुंब व आपलें कुटुंब अशीं दोन कुटुंबें त्यांनीं एकत्र चालविलीं, म्हणून भाडें व चूल परवडली. अशाही स्थितींत मिळकतीचा कांहीं ठराविक अंश ते मुरूडच्या सार्वजनिक कामासाठीं काढून ठेवीत. तिसरा रकाना म्हणतात तो हा. फक्त कर्व्यांनीं त्यांत आपल्या घराबरोबर आपलें गांवही लिहिलें होतें. १८९१ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले. तेथें आजीव सभासदास २० वर्षें सेवा करण्याचें बंधन आणि वेतन दरमहा ७५ रुपये.

या ७५ रुपयांच्या मागें एक थोर आणि दुःखद कहाणी आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीं निघालें, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ सालीं आणि फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं. चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांच्या मागोमाग गोपाळ गणेश आगरकर १८८१ सालीं या कामांत आले. आगरकर आमच्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. लहानपणीं त्यांनीं कऱ्हाडच्या कचेरींत उमेदवारी केली, दवाखान्यांत कंपाउंडरचें काम केलें. कॉलेजांत असतांना अंगांत एकच सदरा, तो रात्रीं धुवून सकाळीं घालावयाचा, अशी त्यांची स्थिति होती. असा मुलगा एम. ए. होऊं घातला तेव्हां घरच्या माणसांनीं काय काय मनांत आणलें असेल! म्हणूनच त्यांनीं आईला तें प्रसिद्ध पत्र लिहिलें, कीं मोठ्या पगाराची आशा धरूं नकोस, पोटापुरतें मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठीं देणार आहें. त्या पत्राचें आपण कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. पण मी तें पत्र जेव्हां जेव्हां वाचतों तेव्हां लिहिणारापेक्षां तें वाचून घेणारी माउली मला अधिक दिसते. तिचें उत्तर कोणाच्या संग्रहांत नाहीं.

पुढें मुलेंबाळें झालीं, खर्च वाढला, आणि पोटापुरतें म्हणजे किती, हा प्रश्न या ध्येयवादी मंडळींच्याच सभांतून उभा राहिला. वेतन थोडें वाढवावें कीं नाहीं, सभासदानें बाहेरचें काम करून प्राप्ति करावी कीं नाहीं, यावर टिळक आणि आगरकर यांच्या बाजूंमध्यें कडाक्याचे वाद झाले. मतभेदाचीं इतरही कारणें होतीं व तीं अधिक प्रसिद्ध आहेत; परंतु १८९० सालीं टिळकांनीं सोसायटी सोडली त्या भांडणांत संसारखर्चाचा हा प्रश्न अगदीं मध्यभागीं होता. दोघेही पदवीधर, दोघेही निःस्पृह. एकाच्या घरीं थोडीफार वडिलोपार्जित मालमत्ता होती, दुसऱ्याच्या घरीं कांहीं नव्हतें. या एका गोष्टीनें ७५ रुपयांचा अर्थ दोघांना निरनिराळा लागला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. आगरकर १८९५ सालीं वारले, पुरतीं चाळीसही वर्षें जगले नाहींत. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडूं नये म्हणून त्यांनीं पैशांची पुरचुंडी उशाशीं बांधून ठेवली होती, असें सांगतात.

पदवीधर अकालीं कां मरतात, हा त्या वर्षांत खरोखरीच चर्चेचा विषय होऊन बसला होता. १८९४ सालीं स्वतः रानडे यांनीं या विषयावर व्याख्यान दिलें. अभ्यासाचा ताण, लहानपणींचीं लग्नें, व्यायामाचा अभाव अशीं अनेक कारणें त्या काळीं पुढें आलीं. एका माणसाच्या पगारावर खाणारीं तोंडें किती, हें कारण मी त्यांत सर्वांत वर घालीन. पण मी पडलों साधा मास्तर.

विसावें शतक उजाडलें तशी दुसऱ्या रकान्यानें उचल खाल्ली. पहिल्या महायुद्धांत महागाई भडकली, मुंबईंत गिरण्यांमुळें आणि कचेऱ्यांमुळें माणूस मावेना, आणि भाडीं इतकीं वाढलीं कीं १९१८ सालीं सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गिरगांवांतल्या चाळींतून दोन खोल्यांत एक कुटुंब, वर गांवाकडून आलेला पुतण्या, भाचा आणि कोणीतरी परीक्षेचा विद्यार्थी, अशी ठेवण रूढ झाली ती याच काळांत. एकट्या तरुणांनीं खोली भागींत घ्यावी, खाणावळींत जेवावें आणि उरलेल्या पैशाची मनिऑर्डर करावी. मनिऑर्डरीच्या पावतीवरून मुलाची योग्यता ठरे. पूर्वीं केवळ मजुरांच्या राहणीची मोजदाद करणाऱ्या मुंबई सरकारच्या मजूर कचेरीला या पांढरपेशांचीही दखल घ्यावी लागली. मध्यमवर्गांतील बेकारीवरचा तिचा अहवाल १९२७ सालीं आणि मुंबईंतील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या जमाखर्चावरचा १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. पदवीधराचें पोट हा राज्यकारभाराचा प्रश्न झाला, असें त्यावरून समजावें.

येथवर जीं माणसें आलीं त्यांना शहरांत निदान खोली तरी मिळत होती. पैसे असूनही खोली न मिळणारा एक पदवीधर याच काळांत होऊन गेला, आणि त्याला वगळून हा इतिहास पुरा होत नाहीं. भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर बी. ए. झाले. त्यांच्याच साहाय्यानें ते अमेरिकेंत शिकले, आणि करारानुसार १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर हजर झाले. अशी विद्या त्या वेळीं सबंध इलाख्यांत कितीजणांजवळ होती? पण हिंदु खाणावळींत त्यांना थारा नव्हता. एका पारशी धर्मशाळेंत पारशी नांव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा त्यांना दम भरला. दोन मित्रांच्या घरीं विचारून पाहिलें. एक हिंदु, एक ख्रिस्ती. दोघांनींही अडचण सांगितली. शेवटीं कामाठी बागेंत बसून त्यांनीं वेळ काढला आणि रात्रींच्या गाडीनें मुंबई गांठली. कचेरी पगार देण्यास तयार, खिशांत भाड्याचे पैसे, आणि शहर खोली देत नाहीं! माझ्या तीन रकान्यांच्या हिशेबांत ही नोंद कोठें करावी, हें मला अजून उमगलेलें नाहीं. पुढें १९१८ सालीं सिडनॅम कॉलेजांत दरमहा ४५० रुपयांवर ते प्राध्यापक झाले, तरी राहात ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींतच; कारण लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठीं त्यांना पैसा सांठवावयाचा होता. १९२० सालीं ते परत विलायतेस गेले.

नंतरची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९२९ नंतर जगभर मंदी आली. १९३१ च्या अखेरीस सरकारनें नोकरांच्या पगारांत शेंकडा १० कपात केली. नवी भरती तर जवळजवळ थांबलीच. संयुक्त प्रांतांत सर तेज बहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालीं बेकारीची चौकशी करणारी समिति नेमली गेली व १९३५ सालीं तिचा अहवाल आला. दुसऱ्या महायुद्धानें नोकऱ्या पुष्कळ दिल्या, पण धान्य नेलें. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें. भाडेकायद्यानें भाडें बांधून टाकलें तेव्हां घरमालक पागडी मागूं लागले, आणि नव्या पदवीधराला खोली ही पगारापेक्षांही दुर्मिळ वस्तु झाली.

माझी स्वतःची गोष्ट सांगावयाची तर, मॅट्रिक झाल्यावर वडिलांनीं मला तालुक्याला नेऊन नोकरीच्या नोंदणीचें कार्ड काढून दिलें. ठराविक मुदतीनें त्याचें नूतनीकरण करावें लागे, आणि मी तें पुष्कळ वर्षें इमानानें केलें. त्या कार्डावरून बोलावणें कधींच आलें नाहीं. मास्तरकी मिळाली ती दुसऱ्याच वाटेनें. मला निदान पहिल्या महिन्यापासून पुरा पगार मिळाला. माझ्या मागून आलेल्यांना २००० सालापासून शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षें मानधनावर राबावें लागलें. प्राथमिक शाळेंत तें मानधन आरंभीं दरमहा ३००० रुपये होतें. १६००० झालें तें २०२३ सालीं. मधल्या वर्षांत लग्न झालेले शिक्षकही मीं पाहिले आहेत. त्यांच्या घरीं तिसरा रकाना कसा भरला जाई, तें मीं कधीं विचारलें नाहीं.

गेल्या वर्षीं कांहीं कामासाठीं पुण्यास गेलों होतों, तेव्हां माझा एक जुना विद्यार्थी मुद्दाम भेटावयास आला. बी. एस्‌सी. झाला आहे, आणि तीन-चार वर्षें स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत सदाशिव पेठेंत राहतो. ज्या पेठांतून शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि माधुकरी मागत, त्याच पेठांतून आतां खोली नव्हे तर खोलींतली एक कॉट भाड्यानें मिळते. तो मला आपल्या कॉटवर घेऊन गेला. चार कॉटी, मध्यें चालण्यापुरती वाट, भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा. बाप आमच्याच गांवचा, तीन एकरांचा धनी. त्यांतला एक एकर गेला आहे, हें मला ठाऊक होतें, पण तो विषय दोघांनींही काढला नाहीं. चहा येईपर्यंत त्यानें आपली खर्चाची वही दाखविली. हिशेब नीट ठेवावा असें मींच त्याला चौथींत शिकविलें होतें. रेघा मारून रकाने पाडलेले: कॉट, मेस, अभ्यासिका, परीक्षेची फी, गाडीभाडें. शेवटचा रकाना 'घरीं पाठविले' असा होता. मीं बरींच पानें उलटलीं. प्रत्येक पानावर तो रकाना त्यानें न चुकतां आंखलेला होता, आणि त्यांत कोठेंही कांहीं लिहिलेलें नव्हतें.